मुद्दा क्रमांक चौदा : बाबा

मध्यस्थबाई : ...तर तेरा झाले. छान! पंचवीस मिनिटांत तेरा मुद्दे, आणि एकदाही आवाज चढला नाही. सहा वर्षं मी हे काम करतेय, पण कपाटं, गाडी नि पुस्तकं इतक्या गोडीने वाटून घेणारं जोडपं माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही घटस्फोट का घेताय, असा प्रश्न पडावा. आता शेवटचा, क्रमांक चौदा. 'इतर' या सदरात तुम्ही दोघांनीही एकच शब्द लिहिलाय, 'बाबा'. आणि पुढे 'कोणाकडे राहणार' या रकान्यात दोघांनीही लिहिलंय, 'माझ्याकडे'.

सून : बरोबर लिहिलंय.

मुलगा : माझं बरोबर आहे. तिचं चुकलंय.

मध्यस्थबाई : बाबा म्हणजे...

मुलगा : माझे वडील.

सून : माझे सासरे.

मध्यस्थबाई : अहो, पण 'इतर'मध्ये मिक्सर, शिडी असल्या गोष्टी लिहायच्या असतात!

मुलगा : फॉर्ममध्ये मुलांचा रकाना होता. पाळीव प्राण्यांचाही होता. वडिलांचा नव्हता. मग कुठे टाकू?

सून : मीही तिथेच टाकले. एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत झालं, हे पण लिहून ठेवा मॅडम.

मध्यस्थबाई : ठीक आहे. हे वाळूचं घड्याळ. प्रत्येकाला दोन मिनिटं. एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्याने फक्त ऐकायचं. आधी तुम्ही बोला. एक मिनिट, पडद्यावर तुमच्या तोंडातून धूर दिसतोय. व्हिडिओ बैठकीतही सिगारेट चालत नाही.

मुलगा : धूर नाही, वाफ. मी शीतगृहात बसलोय. मासळीच्या खोक्यांवर.

मध्यस्थबाई : का पण?

मुलगा : अख्ख्या गोदामात ही एकच जागा आहे, जिथे कामाशिवाय कुणी टेकत नाही. बाहेर सगळे कान टवकारून बसलेत, साहेबाचा घटस्फोट ऐकायला. शून्याखाली चार आहे इथे, तेव्हा जरा लवकर आटपा.

सून : सवय आहे त्यांना मॅडम. लग्नातही ते साधारण त्याच तापमानात होते.

मध्यस्थबाई : ताई, वाळू त्यांची चालू आहे.

मुलगा : माझं म्हणणं सरळ आहे. बाबा माझे वडील आहेत. घटस्फोट झाला की ती त्यांची कुणी लागत नाही. मग त्यांनी तिच्याकडे राहायचं कारण काय? मी खोली तयार ठेवलीय. नवी गादी घेतलीय, बाल्कनी आहे, खाली बाग आहे. पुढच्या रविवारी येतो नि बाबांना शिफ्ट करतो. विषय संपला.

सून : शिफ्ट करतो! ऐकलंत? बाबा काय फ्रीज आहेत? उभेच न्यायचे की आडवे?

मध्यस्थबाई : ताई...

सून : आणि नेल्यावर दोन तास तसेच ठेवायचे का, चालू न करता?

मध्यस्थबाई : ताई! वाळू!

सून : ती वाळू मघापासून अडकलीय मॅडम. जरा टिचकी मारा.

मध्यस्थबाई : अं? हो की. बरं, आता तुमची पाळी. पण त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोला. 'मला असं वाटतं' अशी सुरुवात करा. त्याने राग निवळतो.

सून : मला असं वाटतं की हा माणूस नालायक आहे.

मध्यस्थबाई : अशी नव्हे.

सून : बरं. मला असं वाटतं की माझ्या सासऱ्यांचं चाळीस वर्षांचं कुलूपकिल्लीचं दुकान आहे. आत्ता मी त्याच दुकानात बसलेय. माझ्यामागे भिंतीवर दिसतायत त्या सगळ्या कोऱ्या किल्ल्या. आणि ते पाठमोरे बसलेत ना यंत्रावर, ते बाबा. हे साहेब सहा वर्षांपूर्वी बढती घेऊन लांब गेले, सहा महिन्यांत तुम्हालाही बोलावतो म्हणाले. ते सहा महिने अजून चालू आहेत. तेव्हा बाबांच्या हाताला कंप सुटला होता. गिऱ्हाईक परत जायला लागलं. मी एक दिवस शेजारी बसले, कानस धरली, आणि तेव्हापासून इथेच आहे. आता बाबा किल्ली नुसती उजेडात धरतात, म्हणतात, 'तिसरा दाता अजून केसभर', आणि मी घासते. त्यांचा डोळा, माझा हात. तिकडे बाल्कनीत बसून ते काय करणार?

मुलगा : आराम.

सून : आराम! गेल्या वर्षी ताप आला म्हणून डॉक्टरने चार दिवस झोपवलं, तर घरातल्या सगळ्या कड्या खोलून ठेवल्या त्यांनी. मला न्हाणीघराचं दार दोन दिवस दोरीने बांधावं लागलं.

मुलगा : म्हणजे बाबा तुझ्या धंद्याला हवेत. असं सांग ना सरळ.

सून : काय म्हणालास?

मध्यस्थबाई : माझ्यामार्फत, माझ्यामार्फत!

सून : मॅडम, यांना विचारा, बाबांच्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?

मध्यस्थबाई : ही प्रश्नमंजुषा नाही ताई.

मुलगा : सांगतो ना. उजव्या.

सून : डाव्या! उजव्याचं व्हायचंय अजून.

मुलगा : मी फोन केला होता त्या दिवशी!

सून : केलास. 'झालं का?' म्हणालास. मी म्हटलं 'झालं'. तू म्हणालास 'बरं'. तीन माणसांनी मिळून सहा शब्दही खर्च केले नाहीत.

मध्यस्थबाई : तीन कसे?

सून : बाबा शेजारीच होते. त्यांनी एकही नाही केला.

मुलगा : आता मी विचारतो. मी दर रविवारी सकाळी दहाला फोन करतो. सहा वर्षं. कोण उचलतं? ही. काय सांगते? 'बाबा कामात आहेत.' दर रविवारी? मॅडम, रविवारी दुकान बंद असतं! मी त्याच घरात वाढलोय, मला माहीत नाही?

सून : रविवारी ते घरच्या कुलपांना तेल घालतात.

मुलगा : घरात किती कुलपं आहेत?

सून : ...दोन.

मुलगा : दोन कुलपं! सहा वर्षं! जहाजाला पुरलं असतं एवढं तेल झालं. माझ्या बापाला माझ्यापासून तोडलं हिने, आणि वर मलाच डोळे विचारते!

मध्यस्थबाई : ताई, तुम्ही सासऱ्यांना फोन देत होतात का?

सून : ...सुरुवातीला द्यायचे.

मध्यस्थबाई : मग?

सून : मी म्हणायचे, 'बाबा, फोन आहे.' ते म्हणायचे, 'काय म्हणतोय विचार.' हा म्हणायचा, 'बाबा कसे आहेत विचार.' दोघंही मलाच विचारायला लावायचे. मी काय टेलिफोन खातं आहे? मग मीच दोन्हीकडची उत्तरं देऊन टाकायला लागले. 'बरे आहेत.' 'बरा आहे.' वेळ वाचतो.

मुलगा : बघा! कबूल केलं!

सून : हो, केलं! चुकलंच ते माझं. पण आधी सहा वर्षं मधे उभं राहून बघ, मग बोल! थांबा, गिऱ्हाईक आलंय. हां, बोला काकू. दार ओढलं गेलं, किल्ली आत? लॅच आहे का? येते ना, अर्ध्या तासात येते. घर कुणाचं? नणंदेचं? मग नणंदेला घेऊन या. नाही हो, तुमच्यावर विश्वास आहे, पण चेहरा बघून कुलूप उघडत नाही आम्ही. फोन नको, प्रत्यक्ष आणा. फोनवर काय, कुणीही नणंद होतं. हो. या. ...हं, बोला मॅडम.

मुलगा : हे बघा. लोकांची कुलपं उघडताना किती नियम! आणि स्वतः?

सून : स्वतः काय?

मुलगा : काही नाही.

सून : आता बोललास ना, मग पुरतं बोल. अर्धवट बोलून सोडून द्यायची ही यांची जुनी खोड आहे मॅडम. अकरा वर्षं मी रिकाम्या जागा भरतेय.

मुलगा : कुलूप कुणी बदललं?

सून : कुठलं?

मुलगा : घरचं! माझ्या घराच्या दाराचं! जरा सांग मॅडमना!

मध्यस्थबाई : कुलपाचा मुद्दा यादीत नाहीये.

मुलगा : नाहीच आहे. लिहायची लाज वाटली मला. मॅडम, गेल्या वर्षी मी रजा काढली. न कळवता गेलो. बॅग घेऊन, दहा दिवस राहायचं ठरवून. दुपारी अडीचला दारात पोचलो. किल्ली घातली. फिरेना. उलटी घातली, पुसून घातली. मी किल्लीवाल्याचा मुलगा आहे मॅडम, शाळेत असल्यापासून घराची किल्ली माझ्या गळ्यात असायची, दोऱ्यात. आणि मी माझ्याच दारात अर्धा तास खुडबुड करतोय. मग समोरचं दार उघडलं. कुणी नवीन बाई राहायला आलीय तिथे. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाली, 'कोण पाहिजे तुम्हाला?'

मध्यस्थबाई : मग?

मुलगा : मी म्हटलं, 'पत्ता चुकला.'

सून : तू आला होतास?

मुलगा : तिथून निघालो तो सरळ स्टेशनवर. आठ दिवसांनी वकिलाकडे गेलो. मला घराबाहेर काढायचं होतं तर तोंडावर सांगायचं होतंस! कुलूप बदलून काय सांगतेस? मी काय चोर आहे?

सून : मी नाही बदललं.

मुलगा : हो का? कुलूपवाल्याच्या घरचं कुलूप बाहेरचा माणूस येऊन बदलून गेला?

सून : मी नाही बदललं म्हणते ना! बाबांनी बदललं. मी एक दिवस दुकानातून परत आले, तर नवीन किल्ली माझ्या हातावर ठेवली त्यांनी. जुन्याची स्प्रिंग गेली असेल, म्हणून मी विचारलंही नाही.

मुलगा : बाबा? काहीही सांगू नकोस.

मध्यस्थबाई : मी एक सुचवू का? सगळे त्यांच्याबद्दल बोलताय आणि ते तुमच्या मागे चार हातांवर बसलेत. त्यांनाच विचारलं तर?

सून : येणार नाहीत ते. सकाळीच सांगून ठेवलंय, 'मी कुणालाही घटस्फोट देत नाहीये, मला त्या खिडकीत बसवू नका.' माझ्या कानात इयरफोन आहेत, त्यामुळे तुमचं काहीच ऐकू जात नाही त्यांना. फक्त माझं ओरडणं जातं.

मध्यस्थबाई : मग तुम्हीच विचारून या. दोन गोष्टी. कुलूप का बदललं, आणि कुठे राहायचंय. जा, मी थांबते.

सून : जाते. पण आल्यावर जे असेल ते सांगणार. कुणाला लागो, न लागो.

(यंत्राची घरघर थांबते. खुर्ची रिकामी. मागे भिंतीवर किल्ल्या हलत राहतात.)

मध्यस्थबाई : तुम्ही कापताय. बाहेर जाऊन या हवं तर.

मुलगा : नको. बाहेर गेलो की चेहरा बघतील.

मध्यस्थबाई : एक विचारू? हे कामाच्या पद्धतीत बसत नाही. दुकान घरापासून किती लांब आहे?

मुलगा : शंभर पावलं. कोपऱ्यावरच.

मध्यस्थबाई : आणि दुपारी अडीचला ते दोघं कुठे असतात?

मुलगा : दुकानात.

मध्यस्थबाई : मग?

मुलगा : मग काय? जाऊन विचारायचं? 'बाबा, मला माझ्या घरात जायचंय, किल्ली देता का?' गिऱ्हाईकासारखं? तिच्यासमोर? तुम्हाला माहीत नाही मॅडम. मी आठवीत असताना बाबांनी मला किल्लीशिवाय कुलूप उघडायला बसवलं होतं. तीन तास बसलो. त्यांची तारेची आकडी मोडली माझ्या हातून. म्हणाले, 'जाऊ दे, तुझा हात जड कामाचा आहे.' मग मी जड काम शोधलं. आता रोज चाळीस टन माल हलवतो. आणि ती तेच कुलूप दोन मिनिटांत उघडते म्हणे. तेही हिनेच फोनवर सांगितलं, कौतुकाने. 'बाबा खूश झाले.' माझ्यावर खूश झालेले मी कधी बघितलेच नाहीत, तर ओळखणार कसा?

मध्यस्थबाई : हे त्यांना कधी सांगितलंत?

मुलगा : कुणाला?

मध्यस्थबाई : वडिलांना. बायकोला. कुणालाही.

मुलगा : तुम्हाला सांगितलं ना आत्ता. तेसुद्धा गारठलोय म्हणून.

सून : आले. ऐक नीट. आणि मधे बोलायचं नाही. मॅडम, घड्याळ उलटं करा. नाही, राहू दे, बाजूला ठेवा ते.

मध्यस्थबाई : ठेवलं.

सून : कुलूप बाबांनीच बदललं. मुद्दाम.

मुलगा : का?

सून : मधे बोलायचं नाही म्हटलं ना! त्याच्या आधीच्या दीड वर्षात तू तीनदा येऊन गेलास. तिन्ही वेळा दुपारी. आम्ही दुकानात असताना. कपाटातून कागद काढलेस, आंघोळ केलीस, टेबलावर चिठ्ठी ठेवलीस नि गेलास. मला त्यातलं एकदाचं माहीत होतं. दोन चिठ्ठ्या बाबांनी दडवल्या. मला वाईट वाटू नये म्हणून! म्हणजे तुम्ही दोघं मला न सांगता एकमेकांना न भेटत होतात! आत्ता दाखवल्या. वहीत ठेवल्यात. तिसरीत लिहिलंयस, 'बाबा, तुम्ही घरी नव्हतात. पुन्हा येईन.'

मुलगा : नव्हते घरी.

सून : शंभर पावलांवर होते! चाळीस वर्षं त्याच पाटीखाली बसलेत, कुठे जाणार होते? ती चिठ्ठी वाचली नि दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं त्यांनी. मी विचारलं, 'असं का केलंत बाबा?' तर यंत्र बंद केलं आणि म्हणाले, 'किल्ली लागली नाही की माणूस कुठे जातो? किल्लीवाल्याकडे.'

मुलगा : माझ्यासाठी?

सून : वाट बघत बसले. तुझी नवी किल्ली करून ठेवलीय. मला वाटायचं कुणा गिऱ्हाईकाची आहे, न्यायला आलं नाही. चौदा महिने मी तिच्यावरची धूळ पुसतेय! आणि तू काय केलंस? पत्ता चुकला!

मुलगा : मला काय माहीत! सांगायला काय झालं होतं त्यांना? एक फोन करायचा!

सून : तुझा येतो तसा, दर रविवारी दहाला? माझ्यामार्फत?

मध्यस्थबाई : मला वाटतं आपण जरा थांबू या. कदाचित... म्हणजे, आता गैरसमज दूर झालाय, तर अर्जाचा पुनर्विचार...

सून : मॅडम, अजिबात नाही!

मध्यस्थबाई : मी फक्त विचारलं.

सून : नाही म्हणजे नाही! एका कुलपावरून या माणसाने आठ दिवसांत वकील गाठला आणि चौदा महिन्यांत मला एकदा विचारलं नाही. आणि तो म्हातारा मासे धरायला गळ टाकावा तसा कुलूप लावून बसला. त्यांच्यावरही तितकीच चिडलेय मी, तसं सांगूनही आलेय. त्यांना सोडता येत नाही. ह्याला येतं. ते तेरा मुद्दे तसेच राहू देत.

मुलगा : राहू देत. मलाही तेच म्हणायचंय.

सून : बघा, दुसऱ्यांदा एकमत.

मध्यस्थबाई : बरं. मग चौदावा. बाबा कुठे राहायचं म्हणतात?

सून : मी विचारलं. म्हणाले, 'दुकान जिथे, तिथे मी.' मग मी म्हटलं, 'आणि तो न्यायला आला तर?' तर म्हणाले, 'न्यायला नको. यायला सांग.'

मुलगा : असं म्हणाले?

सून : तसंच्या तसं सांगितलं. आता मी उत्तरं बनवून द्यायची बंद केलीत.

मुलगा : आणि ती खोली? गादी?

सून : तूच झोप त्या गादीवर. खोक्यांवर बसण्यापेक्षा बरी असेल.

मध्यस्थबाई : म्हणजे मी असं लिहिते. 'वडील सध्याच्या घरी, सुनेकडे राहतील.' घटस्फोटानंतर 'सुनेकडे' चालेल ना?

मुलगा : ...सून लिहा.

सून : ते बाबा ठरवतील. तुम्ही लिहा.

मध्यस्थबाई : 'मुलगा त्यांना भेटायला येईल.' महिन्यातून किती वेळा?

मुलगा : आकडा नको. पुढच्या रविवारचं तिकीट काढलंय. पण रविवारी दुकान बंद.

सून : मग सोमवारी थांब. दुकान नऊला उघडतं.

मध्यस्थबाई : 'मुलगा सोमवारी नऊ वाजता दुकानात येईल आणि घराची किल्ली वडिलांकडून घेईल.' अजून काही?

मुलगा : तिथे जाऊन मी काय म्हणायचं, तेही लिहा म्हणजे झालं.

सून : काही म्हणायचं नाही. बाबांच्या हातात किल्ली असली तर ते मान वर करत नाहीत. काउंटरपाशी उभं राहायचं, त्यांचं काम संपेपर्यंत.

मध्यस्थबाई : हे पण लिहू?

मुलगा : लिहा.